लाईट आहे, इंटरनेट आहे, तरी ऑफिसचा फोन का वाजत नाही?

संगमनेरमधल्या एखाद्या छोट्या हॉस्पिटलचं रिसेप्शन डोळ्यांसमोर आणा. काल संध्याकाळी रस्त्याच्या कामात जेसीबीच्या दातात फायबर केबल आली आणि इंटरनेट गेलं. रात्री उशिरा केबल जोडली गेली. आज सकाळी सगळं सुरळीत आहे. कॉम्प्युटर चालू आहे, वाय-फाय चालू आहे, व्हॉट्सॲपवर रिपोर्ट येतायत. टेबलावरच्या आयपी फोनचा स्क्रीन उजळलेला आहे आणि त्यावर वेळही दिसतेय.

फक्त सकाळपासून एकही फोन आलेला नाही.

"आज पेशंट कमी दिसतायत," असं म्हणता म्हणता दुपार होते. तिकडे पठार भागात, साकूर किंवा घारगावला, कुणीतरी तोच नंबर पुन्हा पुन्हा लावतंय. विचारायचं एवढंच असतं, की डॉक्टर आज आहेत का. पलीकडून कुणी उचलत नाही म्हटल्यावर ते आजारी माणसाला घेऊन एसटीने निघतात. संगमनेरला पोहोचल्यावर कळतं, की डॉक्टर आज नाहीत. गाडीभाडं गेलं, दिवसाचा रोजही बुडाला.

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण त्यातला बिघाड अगदी नेहमीचा आहे. आयपी फोन वापरणाऱ्या दवाखान्यांत, पतसंस्थांत, दूध संकलन केंद्रांत, शाळांत आणि दुकानांत नेटवर्क परत आल्यावरही फोन परत येत नाहीत. कॉम्प्युटरचं इंटरनेट गेलं की पाच मिनिटांत आरडाओरडा होतो. फोन न वाजण्याची तक्रार मात्र आतून कुणीच करत नाही, आणि बाहेरच्यांची तक्रार आतपर्यंत पोहोचत नाही.

असं का होतं? आणि झालं तर नेमकं काय करायचं?

जुन्या लँडलाइनला हा त्रास का नव्हता?

०२४२५ हा संगमनेरचा एसटीडी कोड. या कोडचे जुने लँडलाइन फोन तांब्याच्या दोन तारांवर चालायचे. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांमधून साधारण ४८ व्होल्टचा पुरवठा त्याच तारांतून फोनपर्यंत यायचा. म्हणून घरातली लाईट गेली तरी लँडलाइन चालू असायचा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या फोनला स्वतःची ओळख सांगावी लागत नव्हती. एक्स्चेंजमध्ये ती तारेची जोडी ज्या ठिकाणी जोडलेली असेल, तोच त्याचा नंबर. तार तुटली की फोन बंद, तार जोडली की फोन सुरू.

आयपी फोनचं तसं नाही. दिसायला तो फोन असला तरी आतून तो एक छोटा कॉम्प्युटर आहे. सुरू झाल्यावर त्याला वीज मिळवावी लागते, नेटवर्कवर पत्ता मिळवावा लागतो, घड्याळ लावावं लागतं, सर्व्हर शोधावा लागतो आणि मग आपली ओळख पटवावी लागते. यातली एक पायरी जरी चुकली तरी बेल वाजत नाही.

हल्ली फायबर कनेक्शनबरोबर जो ‘लँडलाइन’ मिळतो, त्याचीही गोष्ट वेगळी नाही. तिथे हे काम भिंतीवरचा फायबर मोडेम, म्हणजे ओएनटी, करतो. जुनाच फोन त्याला जोडलेला असला तरी मागची व्यवस्था बदललेली असते. म्हणूनच लाईट गेली की तो फोनही मुका होतो.

फोन ‘रजिस्टर’ होतो म्हणजे काय?

बहुतेक आयपी फोन ‘सिप’ नावाच्या नियमावलीनुसार बोलतात. तिची आजही आधार मानली जाणारी आवृत्ती जून २००२ मध्ये प्रसिद्ध झाली.

समजा एखादा माणूस सतत भाड्याची खोली बदलतो. त्याची पत्रं त्याला मिळायला हवीत, तर प्रत्येक वेळी पोस्टात जाऊन त्याने सांगायला हवं, "सध्या मी या पत्त्यावर आहे." फोन नेमकं हेच करतो. तो सर्व्हरला कळवतो, "मी एक्स्टेंशन १०१, सध्या या आयपी पत्त्यावर आहे." सर्व्हर पासवर्डच्या आधारे खात्री करतो आणि नोंद करून घेतो. या नोंदीला रजिस्ट्रेशन म्हणतात.

ही नोंद कायमची नसते. तिला मुदत असते. फोनने मुदत सांगितली नसेल तर ती सर्व्हर ठरवतो; अनेकदा ती ३६०० सेकंद, म्हणजे एक तास, असते. मुदत संपण्याआधी फोनने नोंद पुन्हा करायची असते.

आता मधल्या काळात इंटरनेट गेलं आणि परत येताना ऑफिसला नवा पब्लिक आयपी पत्ता मिळाला, तर काय होईल? फोन पुढची नोंद करेपर्यंत सर्व्हर जुन्याच पत्त्यावर कॉल पाठवत राहील. गंमत म्हणजे या काळात बाहेर जाणारे कॉल अनेकदा लागतात, कारण त्यांची सुरुवात फोन स्वतः करतो. "आमच्याकडून तर फोन लागतोय, म्हणजे फोन चांगला आहे," हा समज इथूनच तयार होतो.

लाईट जाणं आणि लाइन तुटणं, यात फरक काय?

ऑफिसमध्ये दोन्हींना ‘नेट गेलं’ असंच म्हणतात. पण फोनच्या दृष्टीने हे दोन वेगळे आजार आहेत, आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

लाईट गेली की राउटर, स्विच, फोन सगळे बंद होतात आणि लाईट आली की सगळे एकदम सुरू होतात. पण प्रत्येकाला जागं व्हायला लागणारा वेळ सारखा नसतो. फोन तयार होऊन पत्ता मागतो, तेव्हा पत्ता देणारा राउटर अजून सुरूच होत असतो. उत्तर न मिळाल्यावर काही उपकरणं स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतात. असा पत्ता दिसला तर समजायचं, की फोन नेटवर्कच्या दारात उभा आहे, पण आत गेलेला नाही.

मोठ्या ऑफिसमधले सेटिंग करता येणारे स्विच आणखी एक विलंब लावतात. नेटवर्कमध्ये केबलचा वेढा तर तयार झालेला नाही ना, हे तपासण्यासाठी जुन्या पद्धतीत पोर्ट सुरू व्हायला सुमारे ३० सेकंद थांबतं. घाईतला फोन तेवढ्यात प्रयत्न करून मोकळा होतो.

लाइन तुटते तेव्हा उलट घडतं. ऑफिसमध्ये इन्व्हर्टर असतो, लाईटही असते, त्यामुळे राउटर आणि फोन बंदच होत नाहीत. फक्त बाहेरचा रस्ता तुटतो. इथे अडचण उशिरा जागं होण्याची नसते. जुनं लक्षात ठेवण्याची असते.

राउटरची जुनी नोंद फोनला कशी अडवते?

ऑफिसमधल्या सगळ्या उपकरणांसाठी बाहेर सहसा एकच पब्लिक पत्ता असतो. कुठलं उत्तर आत कुणाला द्यायचं, हे कळावं म्हणून राउटर एक तक्ता ठेवतो. ‘आतला हा फोन, बाहेरचा हा पत्ता’ अशी एकेक ओळ. काही वेळ त्या ओळीवर हालचाल झाली नाही, तर राउटर ती पुसून टाकतो.

ही ओळ पुसली जाऊ नये म्हणून अनेक आयपी फोन दर २०-३० सेकंदांनी एक छोटा संदेश पाठवत राहतात. एरवी ही चांगली सोय आहे. तिच्यामुळेच बाहेरून येणारा कॉल आत पोहोचतो.

पण लाइन तुटून परत आली, ऑफिसचा पब्लिक पत्ता बदलला किंवा राउटर दुसऱ्या इंटरनेट कनेक्शनवर गेला, की हीच सोय अंगाशी येते. काही राउटर अशा वेळी जुन्या ओळी स्वतः पुसतात, काही पुसत नाहीत. न पुसणाऱ्या राउटरमध्ये फोनचा संदेश जुन्याच पत्त्याच्या नावाने बाहेर जातो. त्याचं उत्तर परत येत नाही. उत्तर आलं नाही म्हणून फोन पुन्हा प्रयत्न करतो आणि त्या प्रयत्नामुळे ती चुकीची ओळ आणखी ताजी होते.

थोडक्यात, फोन जितक्या चिकाटीने प्रयत्न करतो, तितका तो अडकून पडतो. अशा वेळी तासन्‌तास वाट पाहून उपयोग नसतो. कॉम्प्युटरला हा त्रास होत नाही, कारण ब्राउझर प्रत्येक वेळी नवं कनेक्शन उघडतो. म्हणून ‘नेट चालतंय, फोन चालत नाही’ हे चित्र दिसतं.

आणखी काय काय अडतं?

सेव्ह न केलेली सेटिंग. अनेक स्विचमध्ये चालू सेटिंग आणि सेव्ह केलेली सेटिंग वेगळ्या असतात. कुणीतरी चार महिन्यांपूर्वी फोनसाठी वेगळं नेटवर्क तयार केलं, पण सेव्ह करायचं राहिलं. स्विच बंद पडेपर्यंत कुणाला काहीच कळत नाही. लाईट गेली, की ती सेटिंग पुसली जाते आणि सगळे फोन एकदम अनाथ होतात.

घड्याळ. बऱ्याच फोनमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज गेली की फोन कित्येक वर्षं मागच्या तारखेला जागा होतो. सुरक्षित कनेक्शन वापरणारा फोन सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो आणि त्याला वाटतं, की या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही. इंटरनेटवरून योग्य वेळ मिळेपर्यंत तो जोडायला नकार देतो.

विजेची विभागणी. अनेक आयपी फोनना वेगळा चार्जर नसतो. नेटवर्कच्या केबलमधूनच वीज मिळते. या ‘पीओई’ पद्धतीचं पहिलं मानक २००३ मध्ये आलं. त्यात स्विचच्या एका पोर्टमधून जास्तीत जास्त १५.४ वॅट देता येतात. पण सगळ्या पोर्टची मिळून एकूण मर्यादा वेगळी असते. फोन आणि सीसीटीव्ही कॅमेरे एकाच स्विचवर असतील आणि सगळे एकदम सुरू झाले, तर शेवटच्या काहींच्या वाट्याला वीज उरत नाही.

सर्व्हरने लावलेलं दार. बाहेरचे भामटे पासवर्डचा अंदाज घेत सतत प्रयत्न करतात, म्हणून अनेक सर्व्हर वारंवार चुकीचा प्रयत्न करणाऱ्या पत्त्याला काही काळ बंदी घालतात. ऑफिसमधल्या एका फोनमध्ये जुना पासवर्ड राहिलेला असेल, तर त्याच्यामुळे सगळ्या ऑफिसचा पत्ता बंद होऊ शकतो, कारण बाहेरून सगळे एकाच पत्त्याने दिसतात.

सगळे एकदम परतले की काय होतं? जपानचा धडा

ही अडचण फक्त छोट्या ऑफिसांची नाही. २ जुलै २०२२ च्या पहाटे जपानमधली मोठी मोबाइल कंपनी केडीडीआय एका मुख्य राउटरचं काम करत होती. त्यात चूक झाली आणि सुमारे १५ मिनिटं आवाजाचे कॉल अडले. चूक लक्षात आल्यावर यंत्रणा पूर्ववत करण्यात आली. गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

पण त्या १५ मिनिटांत तुटलेले मोबाइल एकाच वेळी पुन्हा नोंदणी करायला धावले. नोंदणी करणाऱ्या यंत्रणेला हा लोंढा झेपेना. ज्यांची नोंदणी झाली नाही, ते पुन्हा प्रयत्न करत राहिले आणि गर्दी वाढत गेली. अडचण ६० तासांहून अधिक काळ चालली. कोट्यवधी ग्राहकांना फटका बसला, आपत्कालीन कॉलही अडले.

यात्रेत बंद पडलेलं एक दार उघडल्यावर सगळी गर्दी त्याच दाराशी लोटावी, तसा हा प्रकार. म्हणून फोनने अपयश आल्यावर लगेच धडका मारू नयेत, दर वेळी थोडा जास्त थांबा घ्यावा, अशी शिफारस २००९ मध्येच सिपच्या एका जोडनियमात केलेली आहे. त्यात थांबण्याची कमाल मर्यादा १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास, सुचवली आहे.

‘काहीच केलं नाही, वीस मिनिटांनी फोन आपोआप सुरू झाला’ असा अनुभव येतो, त्यामागे बरेचदा हा थांबा असतो.

बिघाड कुठे आहे, हे कसं शोधायचं?

पहिला प्रश्न : एकच फोन बंद आहे की सगळे? एकच असेल तर दोष त्या फोनमध्ये, त्याच्या केबलमध्ये किंवा पोर्टमध्ये. चालू फोनची केबल त्याला लावून पाहिली की निम्मं उत्तर मिळतं. सगळे बंद असतील तर स्विच, राउटर किंवा सर्व्हरकडे पाहायचं.

दुसरा : स्क्रीन उजळलेला आहे का? नसेल तर प्रश्न विजेचा आहे. इंटरनेट कंपनीला फोन करून उपयोग नाही.

तिसरा : फोनच्या मेनूमध्ये आयपी पत्ता कोणता दिसतो? काहीच नसेल किंवा १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर फोनला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. नेहमीपेक्षा वेगळ्याच मालिकेतला पत्ता दिसत असेल, तर फोन चुकीच्या नेटवर्कमध्ये गेला आहे किंवा कुणीतरी दुसरा राउटर मध्येच जोडला आहे.

चौथा : पत्ता बरोबर आहे, पण फोन ‘रजिस्टर’ झालाय का? स्क्रीनच्या कोपऱ्यातलं छोटं चिन्ह किंवा मेनूमधलं ‘स्टेटस’ पान हे सांगतं. नसेल झाला तर राउटरची जुनी नोंद, घड्याळ, पासवर्ड किंवा सर्व्हरची बंदी, यातलं काहीतरी आहे.

पाचवा : सगळं ठीक दिसतंय? मग मोबाइलवरून, वाय-फाय बंद करून, ऑफिसच्या नंबरवर कॉल करायचा आणि दोन्हीकडचा आवाज तपासायचा. बेल वाजते पण एका बाजूचा आवाज येत नाही, असं असेल तर राउटरमधल्या ‘सिप एएलजी’ या सुविधेवर पहिला संशय घ्यायचा. मदत करण्यासाठी बनवलेली ही सुविधा अनेकदा संदेशात नको ते बदल करते, म्हणून बहुतेक तंत्रज्ञ ती बंदच ठेवतात.

रीस्टार्ट करायचा क्रम कोणता?

‘बंद करून चालू करा’ हा सल्ला चुकीचा नाही. पण क्रम महत्त्वाचा आहे.

आधी सगळे फोन बंद करायचे. स्विचमधून वीज मिळत असेल तर स्विच बंद केला की फोनही बंद होतात. मग राउटर आणि फायबरचा मोडेम बंद करायचा. आता आधी मोडेम सुरू करायचा आणि त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबायचं. मग राउटर. मोबाइलवर वाय-फायने एखादी वेबसाइट उघडून पाहायची. ती उघडली की स्विच आणि सगळ्यात शेवटी फोन.

राउटर बंद करणं शक्य नसेल, तर निदान सगळे फोन पाच-दहा मिनिटं बंद ठेवायचे. तेवढ्या शांततेत राउटरच्या तक्त्यातली जुनी ओळ सहसा आपोआप पुसली जाते. फोन लगेच बंद-चालू केला तर ती ओळ तशीच राहू शकते. ‘रीस्टार्ट करून पाहिलं, काही फरक पडला नाही’ यामागचं हे एक कारण आहे.

एक गोष्ट मात्र टाळायची : फॅक्टरी रीसेट. त्याने फोनमधलं एक्स्टेंशन, पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता पुसला जातो. जो फोन दहा मिनिटांत सुरू झाला असता, तो तंत्रज्ञ येईपर्यंत बंद राहतो.

पुढच्या वेळी हे टाळायचं कसं?

मोडेम, राउटर आणि स्विच हे तिन्ही बॅकअपवर हवेत. अनेक ठिकाणी राउटर इन्व्हर्टरवर असतो आणि मोडेम साध्या सॉकेटमध्ये. मग बॅकअप असून नसल्यासारखा. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चं बटण असेल तर ते सुरू ठेवायचं, कारण साध्या मोडमध्ये लाईट जाताना पडणाऱ्या क्षणभराच्या खंडामुळेही राउटर रीस्टार्ट होऊ शकतो.

सेवा देणाऱ्याला सांगून रजिस्ट्रेशनची मुदत एका तासाऐवजी काही मिनिटांवर आणता येते. मग पत्ता बदलला तरी सर्व्हरला लवकर कळतं. स्विच आणि राउटरची सेटिंग सेव्ह केली आहे ना, हे तंत्रज्ञ समोर असतानाच एकदा स्विच बंद करून तपासता येतं.

सगळ्यात उपयोगी सोय सर्व्हरवर असते : फोन रजिस्टर नसेल तर कॉल आपोआप ठरावीक मोबाइलवर वळवणं. ही सेटिंग ऑफिसमधल्या फोनवर नाही, सर्व्हरवर करावी लागते. तुटलेला फोन स्वतः कॉल वळवू शकत नाही. आणि आपत्कालीन ११२ साठी आयपी फोनवर विसंबून न राहता चार्ज केलेला एक मोबाइल रिसेप्शनवर कायम ठेवलेला बरा.

याशिवाय एक उपाय असा आहे, ज्याला खर्च नाही. सकाळी शटर उघडल्यावर मोबाइलवरून ऑफिसच्या नंबरवर एक कॉल. बेल वाजली, दोन्हीकडून आवाज आला, झालं काम. एका मिनिटाचीही गोष्ट नाही. वर सांगितलेल्या रिसेप्शनवर तो एक कॉल झाला असता, तर बिघाड सकाळी नऊलाच कळला असता आणि साकूरहून निघालेल्या माणसाला डॉक्टर नाहीत हे घरीच समजलं असतं.